घोड्याची पाठ, माझी बैठक आणि एक सॅडल

ड्रेसाज, म्हणजे स्वाराच्या बारीक इशाऱ्यांवर घोड्याने ठराविक चाली करून दाखवायचा खेळ. ड्रेसाज म्हटलं की लोकांना कोट-टोपीवाल्या स्वाराने डौलात चालवलेला घोडा दिसतो. त्यात २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये आपल्या चौघांनी (त्यात मुंबईचा हृदय छेडा पण होता) टीम गोल्ड मारलं, घोडेस्वारीत तब्बल ४१ वर्षांनी, तेव्हापासून तर लग्नाकार्यात काकू-मावश्या पण विचारतात, तुझा घोडा कधी नाचणार गं? आता त्यांना काय सांगू, नाचायचं लांब राहिलं, आमचं घोडं सॅडलपाशीच, म्हणजे खोगिरापाशीच, अडलंय.

घोडा थरोब्रेड, रेसमधून रिटायर्ड. पुण्यात हौसेने घोडा ठेवायचा तर बऱ्याच जणांच्या वाट्याला असाच पेन्शनर येतो. रेसचं सॅडल अर्धा किलोच्याही आत असू शकतं, आणि जॉकी त्यावर बसतच नाही मुळी, रिकिबीत उभाच असतो. त्या पाठीवर आता सहा-सात किलोचं ड्रेसाज सॅडल आणि वर मी, नीट ऐसपैस बसलेली. त्याला काय वाटत असेल ते तो तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळताना दात दाखवून सांगतोच.

तर सॅडलच्या पोटात एक सांगाडा असतो, त्याला ट्री म्हणतात. ट्री अरुंद निघाली तर खांद्यामागे चिमटा काढते आणि रुंद निघाली तर पुढून खाली बसून विदर्सवर, म्हणजे मान संपते तिथल्या उंचवट्यावर, टेकते. आमच्या साहेबांचे विदर्स चांगले उंच आणि त्यांच्या मागे दोन्ही बाजूंना खड्डे, म्हणजे एकाच घोड्यात दोन्ही प्रॉब्लेम. सॅडलच्या खालची मधली खाच तीन-चार बोटं रुंद हवी म्हणजे मणका मोकळा राहतो. आणि अठराव्या, म्हणजे शेवटच्या बरगडीच्या मागे सॅडल जाता कामा नये. इथे माझा संबंध आला. मला सीट लागते साडेसतरा इंची आणि घोड्याच्या पाठीवर जागा आहे सतराची. दोघांपैकी कुणी कमी व्हायचं यावर घरी चर्चा झाली, त्यात घोड्याचं नाव कुणीही घेतलं नाही.

माप घ्यायला वाकवू तशी वाकणारी आणि वाकलेली राहणारी पट्टी लागते, इंजिनिअरिंग ड्रॉइंगवाली पोरं वापरतात ती. अप्पा बळवंत चौकात गेले. दुकानदार म्हणाले, कितव्या वर्षाला? म्हटलं, माझ्यासाठी नाही हो, घोड्यासाठी. त्यांनी मान वरही न करता विचारलं, कुठलं कॉलेज?

ही पट्टी खांद्याच्या हाडामागे, मग पाठीच्या मध्यावर, मग शेवटच्या बरगडीपाशी आडवी ठेवून दाबायची, अलगद उचलायची आणि पुठ्ठ्यावर तो आकार काढून कापायचा. आमच्या कोपऱ्यावरच्या लेडीज टेलरकडे ब्लाऊजचं माप देताना बाई निदान हलत नाही, आणि टेलर गुळाचा खडा घेऊन समोर उभा नसतो. इथे घोडा सपाट जमिनीवर, चारी पायांवर सारखं वजन टाकून, मान सरळ ठेवून उभा पाहिजे. मान खाली गेली की पाठीचा आकारच बदलतो. आणि त्याची मान गूळ दिसेल तिकडे जाते. बरं पुठ्ठे कापून बघितले तर डावा खांदा उजव्यापेक्षा मोठा! मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, पण घोड्यांचं असं सर्रास असतं म्हणे.

मग आहे ते सॅडल पाठीवर ठेवून काढलेले फोटो घोडेवाल्यांच्या ग्रुपवर टाकले. एकजण म्हणाला ट्री रुंद आहे, दुसरी म्हणाली अरुंद आहे, तिसऱ्याने लिहिलं मधे पोकळी राहतेय, पुढे-मागेच टेकतंय, आणि चौथ्याने गुड मॉर्निंग टाकलं.

त्यातल्या त्यात गंमत म्हणजे कानपूरला सॅडलं बनतात आणि तिथून जगभर जातात, आणि आम्ही इथे बसून इंग्लंडमधलं सेकंडहँड शोधतोय, जे ड्युटी धरून लाखाच्या घरात पोचतं. आई म्हणाली, एवढ्यात एक ॲक्टिव्हा आली असती आणि तिने लाथ पण मारली नसती.

शेवटी एक मिळालं, गलेटची पट्टी, म्हणजे पुढची रुंदी ठरवणारी कमान, बदलता येते असलं. राईड झाली की सॅडल काढून घाम बघायचा. सगळीकडे सारखा ओला तर ठीक, मधेच कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब पडतोय. त्यामुळे सकाळी आम्ही सगळे चहाचे कप घेऊन घोड्याच्या घामाकडे टक लावून उभे. घोडा सांभाळणारे आमचे सईस मामा मात्र पहिल्याच दिवशी पाठीवरनं नुसता हात फिरवून म्हणाले होते, ताई, डावीकडं टोचतंय त्याला. आम्ही पट्ट्या लावून, पुठ्ठे कापून, व्हिडिओ कॉलवर सॅडल बसवून देणाऱ्या फिटरला दाखवून बऱ्याच दिवसांनी तिथेच पोचलो. फिटरच्या सांगण्यावरून पॅनलमधली, म्हणजे सॅडलच्या खालच्या गाद्यांमधली, लोकर कमी-जास्त करून घेतली आणि खरं सांगते, घोडा बदलला. पाठ वर उचलून चालायला लागला, शेपटी झटकणं बंद, तंग बांधताना दात नाहीत. मी तर पेढे वाटायच्या बेतात होते.

पण पाठ नीट चालायला लागली की तिच्यावर मसल येतात. खांद्यामागचे ते खड्डे भरले. फिटर स्क्रीनवर बघून एकदम खुश, म्हणाला, अभिनंदन, एकदम हेल्दी पाठ! आता हे सॅडल त्याला अरुंद पडणार. म्हणजे बसत नव्हतं तेव्हा घोडा बिघडत होता आणि बसलं तर घोडा इतका सुधारला की सॅडलच बसेना. आता मोठी गलेट पट्टी मागवलीय, लोकर परत काढायचीय, आणि वर्षातून दोन-तीनदा हे तपासत राहायचं असंही तो हसत हसत सांगून गेला.

मामांना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, मंग खुराक कमी करू का ताई? बसंल की त्याच्यात.

घोड्याला मराठी चांगलंच कळतं. त्याने बादली उलटी केली, माझ्या बुटांवर.