आईचं नाव कुठे गेलं?

इंग्रज शिल्पकार हॅमो थॉर्निक्रॉफ्टवरच्या तुमच्या लेखातलं 'हॅमो थॉर्निक्रॉफ्टला शिल्पकला वडिलांकडून मिळाली' हे वाक्य खटकलं. इंग्लंडमधल्या लीड्सच्या हेन्री मूर इन्स्टिट्यूट या शिल्पकलेच्या संस्थेत जपलेली कागदपत्रं एकट्या हॅमोची नाहीत, सगळ्या घराण्याची आहेत. त्याची आई मेरी स्वतः नावाजलेली शिल्पकार. व्हिक्टोरिया राणीच्या मुलांचे पुतळे तिने घडवले. हॅमोचे वडील थॉमस तर मेरीच्याच वडिलांच्या हाताखाली शिकले. म्हणजे ही कला आईच्या माहेरून आली!

आमच्या आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग आजी करायची, पाटीवर नाव मात्र आजोबांचं. ती गेल्यावर तिच्या वह्या रद्दीत गेल्या, त्याची हळहळ अजून वाटते. मेरीची पत्रं तर जपलेली आहेत. लेखात तिच्यासाठी दोन ओळी तरी वाढवा.