मूठभर बायोचारने लाकडाचं डिझेल होत नाही

शेतकऱ्यांच्या गटांमधून एक मेसेज फिरतो आहे. त्याचा मथितार्थ असा : छाटलेल्या फांद्यांच्या चिपा बंद भट्टीत तापवताना मूठभर बायोचार, म्हणजे लाकूड वगैरे हवेविना तापवून केलेला कोळसा, मिसळा. तो उत्प्रेरक, म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ, असल्याने तेल दुप्पट निघतं, ते थेट डिझेल इंजिनात चालतं, बायोचार कधी झिजत नाही आणि शेवटी तो शेतात टाकता येतो.

बायोचार उत्प्रेरक आहे, एवढं खरं. बाकीच्यावर विसंबून कुणी कर्ज काढून भट्टी उभारील, याची मला काळजी वाटते.

आधी तेलाचं. लाकूड हवेविना 500 अंश सेल्सिअसच्या आसपास झटपट तापवलं आणि निघालेल्या वाफा दोनेक सेकंदांत थंड केल्या, तर कोरड्या लाकडाच्या वजनाच्या 60 ते 75 टक्क्यांपर्यंत द्रव मिळतो. मग दुप्पट व्हायला जागाच कुठे उरते? उलट अशा संयंत्रांत वाफांबरोबर उडालेली कोळशाची भुकटी सायक्लोन (वाफा गरगर फिरवून भुकटी बाजूला पाडणारं भांडं) लावून तातडीने वेगळी काढतात. तापलेला कोळसा वाफांमधले मोठे रेणू फोडतो, त्यांचा वायू, पाणी आणि कार्बनचा थर होतो, द्रव घटतो. उत्प्रेरकाचा गुण दिसतो तो असा, तेलाच्या विरोधात.

शिवाय चिपांत भुकटी मिसळून फारसं साधत नाही. घन कोळसा घन लाकडाच्या पेशींत शिरत नाही. त्याची गाठ पडते ती बाहेर आलेल्या वाफांशी. म्हणून वाफा कोळशाच्या तापलेल्या थरातून नेणं हीच कामाची पद्धत.

त्या द्रवाला डिझेल म्हणणं तर धोक्याचं आहे. त्यात 15 ते 30 टक्के पाणी असतं, सामू 2 ते 3, म्हणजे तो साधं पोलाद खातो. डिझेलमध्ये तो मिसळत नाही, साठवला की घट्ट होत जातो. किलोमागे उष्णता 16 ते 19 मेगाज्यूल. डिझेलची 43 च्या घरात. कोळशाच्या थरामुळे त्यातला काही ऑक्सिजन कमी होतो, फिनॉलसारख्या रसायनांचं प्रमाण वाढवता येतं, पण तेवढ्याने इंजिनात ओतण्याजोगं इंधन होत नाही.

'झिजत नाही' हे म्हणणं मात्र नीट तपासू. बायोचारची ताकद त्याच्या छिद्रांत आणि राखेतल्या पोटॅशियम-कॅल्शियममध्ये असते. वाफा फुटताना कार्बन साचून छिद्रं बुजतात. 700-800 अंशांच्या वर पाण्याची वाफ हा साचलेला कार्बन खाते, त्याचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतो, छिद्रं पुन्हा मोकळी होतात. पण तीच वाफ बायोचारलाही खाते. म्हणजे एक तर तो बुजतो, नाही तर संपतो. नवा पुरवावाच लागतो.

जिथे हा पुरवठा आपोआप होतो तिथे बायोचार खरोखर कमाल करतो. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातला 75 किलोवॅटचा 'व्हायकिंग' गॅसिफायर, म्हणजे लाकडापासून जळाऊ वायू बनवणारं संयंत्र, लाकडाच्या चिपांवर चालायचा. आधी चिपांचं पायरोलिसिस, म्हणजे हवेविना तापवणं, मग वाफांत थोडी हवा सोडून अंशतः ज्वलन, मग तो वायू त्याच चिपांपासून बनलेल्या कोळशाच्या थरातून. बाहेर पडणाऱ्या वायूत डांबर, म्हणजे थंड झाल्यावर चिकटून बसणारे जड रेणू, घनमीटरला 5 मिलिग्रॅमहून कमी. इंजिनासाठी साधारण 100 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात, तर खालून वर वायू जाणाऱ्या साध्या गॅसिफायरमध्ये ते कित्येक ग्रॅम असतं. बायोचारचा उपयोग आहे तो इथे, तेल वाढवायला नव्हे तर वायू स्वच्छ करायला. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.

कुठलाही कोळसा चालतो, असंही नाही. आम्लाने धुऊन पोटॅशियम काढलेला कोळसा सहसा मंद पडतो. पाण्याच्या वाफेने छिद्रं वाढवून सक्रिय केलेला जास्त काम करतो.

राहिलं शेताचं. डांबराच्या वाफांतून गेलेल्या कोळशावर बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन बसलेले असू शकतात आणि त्यांतले काही कर्करोगकारक आहेत. युरोपात बायोचारच्या प्रमाणपत्रासाठी त्यांची मर्यादा ठरलेली आहे. असा वापरलेला कोळसा प्रयोगशाळेत तपासल्याखेरीज भाजीच्या वाफ्यात टाकू नका.