टोमॅटो सँडविच करताना गर काढून टाकू नका

सँडविच करताना टोमॅटोच्या बिया आणि त्यांच्याभोवतीचा गर काढून टाका म्हणजे ब्रेड ओला होत नाही, हा सल्ला मला पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतो. मला तो अजिबात पटत नाही. मीही काही वर्षं तेच करत होते. चमच्याने गर खरवडायचा, टाकून द्यायचा आणि मग सँडविच मिळमिळीत लागलं की मीठ वाढव, मिरपूड वाढव, चीज घाल. ज्या चवीसाठी एवढी धडपड चालली होती ती मी आधीच फेकून दिलेली असायची, हे फार उशिरा कळलं.

टोमॅटोला जी भरदार चव येते ती ग्लुटामेट नावाच्या त्यातल्या नैसर्गिक घटकामुळे. आणि ते बाहेरच्या मांसल भागापेक्षा आतल्या त्या बुळबुळीत गरातच कितीतरी जास्त असतं. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये हे मोजून दाखवलंय. आंबटपणाही तिथेच जास्त. मग तोच भाग काढून राहिलेली लाल भिंत खायची कशासाठी?

राहिला पाण्याचा प्रश्न. टोमॅटोत जवळजवळ ९५ टक्के पाणीच असतं, ते येणारच. ते अडवायचं काम लोण्याचं. लोणी आधी बाहेर काढून मऊ होऊ द्या आणि दोन्ही स्लाइसना पार कडेपर्यंत लावा. मधोमध एक फराटा मारून भागत नाही. एखादा कोपरा जरी कोरडा राहिला तरी रस बरोबर तिथूनच ब्रेडमध्ये शिरतो. घट्ट लोण्याने ब्रेड फाटतो, मग सगळंच फसतं. मेयॉनीजही चालतं, पण पातळसर हात फिरवा, नाहीतर तेच पुढे पुढे करतं. ब्रेड ताजा, मऊ, साधा. भाजलेला मला नको, टाळूला टोचतो आणि टोमॅटोचा लुसलुशीतपणा हरवतो.

टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवू नका, हे मात्र कळकळीने सांगते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी टोमॅटो ५ अंश सेल्सियसला आठवडाभर ठेवून पाहिले. सुगंधाचे घटक तयार करणारी जनुकं थंडीने मंदावली आणि टोमॅटो नंतर बाहेर काढून ठेवले तरी तो सुगंध पूर्ण परत आला नाही. साखर आणि आम्ल मात्र जवळपास होतं तसंच राहिलं. म्हणूनच फ्रीजमधला टोमॅटो आंबटगोड लागतो, पण टोमॅटोसारखा लागत नाही. पूर्ण पिकलेला, हाताला जड लागणारा, अंगठ्याने हलकेच दाबला तर जरासा दबणारा घ्या. कच्चट असेल तर दोन दिवस ओट्यावर राहू द्या. तोवर सँडविच नाही केलं तरी चालेल.

दातेरी सुरीने आडव्या चकत्या करा, साधारण एक सेंटीमीटर जाड. बोथट सुरीने साल कापली न जाता नुसतीच दबते आणि गर बाहेर उडतो. चकत्या ताटलीत एकेरी पसरा, वरून मीठ भुरभुरवा आणि पाच मिनिटं हात लावू नका. आधी मिठाचे कण विरघळतात, मग चकतीचा वरचा भाग चकाकायला लागतो आणि त्यावर रसाचे बारीक थेंब उभे राहतात. तेवढं दिसलं की अलगद उचलून लोण्यावर ठेवा, मिरपूड घाला, वरची स्लाइस हलक्या हाताने बसवा. कांदा नको, काकडी नको, चीजही नको.

आणि लगेच खा. लोणी रस थोडा वेळ थोपवतं, तासभर नाही. सकाळी करून दुपारी खायचं हे सँडविच नव्हे. ताटलीत रस उरलेला असतो, मिठामुळे आणखीनच चवदार झालेला. ब्रेडचा शेवटचा तुकडा त्यासाठी राखून ठेवा.