'नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश' झाल्यावर पुढं काय?

एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. थोडक्यात तो असा: "विंडोजवर फाइल उतरवा, डबल-क्लिक करा, नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश, काम झालं. मॅकवर तर आयकॉन नुसता ओढून टाकायचा. नकोसा झाला की ट्रॅशमध्ये, विषय संपला. लिनक्सवर मात्र टर्मिनलमध्ये आज्ञा पाठ करत बसा. आणि सिस्टिम कुठलीही असो, अपडेट आधी बंद करा. चालत्या गाडीला खीळ कशाला?"

शेवटचं वाक्य वाचून लोक खरोखर अपडेट बंद करतात, म्हणून हे लिहायला बसलो. हा मेसेज फक्त पहिल्या पाच मिनिटांबद्दल बोलतो. सॉफ्टवेअर मात्र मशीनवर वर्षानुवर्षं राहतं. त्या काळात त्यात दोष सापडतात, दुरुस्त्या निघतात, आणि त्या तुमच्या मशीनपर्यंत आणायच्या कुणी, यावर तिन्ही सिस्टिमची उत्तरं वेगवेगळी आहेत. तुलना करायची तर ती इथं करायला हवी.

"विंडोजवर डबल-क्लिक केलं की झालं"

सॉफ्टवेअर बसवण्यापुरतं हे खरं आहे. पण त्या डबल-क्लिकनं तुम्ही एक अनोळखी प्रोग्रॅम चालवता, आणि 'या ॲपला बदल करू द्यायचे का?' या खिडकीत 'हो' म्हटलंत की त्याच्या हाती सगळ्या मशीनच्या किल्ल्या जातात. तो फाइली कुठं टाकेल, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) काय लिहील, सुरू होताना आपोआप चालणाऱ्या यादीत स्वतःला घालेल का, हे ज्यानं तो बनवला तोच ठरवतो. मायक्रोसॉफ्टनं १९९९ मध्ये ऑफिस २००० सोबत 'विंडोज इन्स्टॉलर' आणला, तो या कारभाराला शिस्त लावण्यासाठी. काय कुठं ठेवलं याची नोंद राहील, काढताना ते नीट निघेल, अशी ती रचना होती. पण ती कुणावर सक्तीची नव्हती. म्हणून आजही कितीतरी कंपन्या आपापला वेगळा इन्स्टॉलर बनवतात.

बसवल्यानंतरची जबाबदारी कुणाची? विंडोज अपडेट विंडोजची काळजी घेतं आणि मायक्रोसॉफ्टच्या काही इतर उत्पादनांची. बाकी प्रत्येक प्रोग्रॅम ज्याचा त्याचा. क्रोम आणि फायरफॉक्स हे काम उत्तम करतात. तुम्हाला कळायच्या आत नवी आवृत्ती आलेली असते. पण लहान, रोजच्या वापरातले प्रोग्रॅम? फाइली कॉम्प्रेस करणाऱ्या विनरारचं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये त्यात एक दोष सापडला. कॉम्प्रेस केलेल्या फाइलमधलं साधं दिसणारं चित्र उघडलं, की मागं दडवलेला प्रोग्रॅम चालायचा. ऑगस्टमध्ये ६.२३ ही आवृत्ती आली आणि दोष मिटला. पण विनरार आपणहून अपडेट होत नाही. नवी आवृत्ती आली हे तुम्हाला कळायला हवं, तुम्ही ती शोधायला हवी, उतरवायला हवी, पुन्हा नेक्स्ट-नेक्स्ट करायला हवं. ऑक्टोबरमध्ये गूगलच्या सुरक्षा पथकानं जाहीर केलं, की सरकारांच्या आश्रयानं चालणाऱ्या टोळ्या अजूनही हाच दोष वापरून घुसताहेत. औषध बाजारात येऊन अडीच महिने झाले होते.

विंडोजवर यावर उपाय आहे, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही याचं वाईट वाटतं. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं 'विंगेट' हे आज्ञा देऊन प्रोग्रॅम बसवण्याचं आणि अपडेट करण्याचं साधन जाहीर केलं, पुढच्या वर्षी त्याची १.० आवृत्ती आली. एका आज्ञेत मशीनवरचे बहुतेक प्रोग्रॅम अपडेट होतात, विनरारसकट. मात्र त्याची मर्यादा माहीत असू द्या. विंगेट बहुतेक वेळा कंपनीचाच इन्स्टॉलर कंपनीच्याच पत्त्यावरून आणतं, फाइल बदललेली नाही एवढं नोंदवलेल्या हॅशवरून (फाइलच्या आकड्यांतल्या ठशावरून) ताडून पाहतं आणि तुमच्या वतीनं गुपचूप 'नेक्स्ट' दाबतं. आतला प्रोग्रॅम जसा असेल तसाच राहतो.

"मॅकवर ओढलं की बसलं, ट्रॅशमध्ये टाकलं की गेलं"

पहिला अर्धा भाग बरोबर. मॅकचं ॲप म्हणजे प्रत्यक्षात एक फोल्डर असतं, त्याला लागणारं बहुतेक सामान त्याच्या पोटातच असतं, म्हणून ओढून भागतं. ही कल्पना मला मनापासून आवडते. पण ॲप चालायला लागल्यावर तुमच्या लायब्ररी फोल्डरमध्ये त्याची सेटिंग, कॅश (तात्पुरत्या साठवलेल्या फाइली), कधी पार्श्वभूमीत चालणारे तुकडे जमा होतात. ट्रॅशमध्ये फक्त ॲप जातं, हे सगळं मागं राहतं. पीकेजी फाइलमधून, म्हणजे मॅकच्या इन्स्टॉलर फाइलमधून, बसवलेल्या सॉफ्टवेअरचं आणखी अवघड, कारण ते काढण्याची सोय सिस्टिम स्वतःहून देत नाही.

अपडेटचं म्हणाल तर ॲप स्टोअर जानेवारी २०११ पासून आहे, तिथून घेतलेलं स्टोअर सांभाळतं. बाहेरून आणलेल्या असंख्य ॲपमध्ये 'स्पार्कल' नावाची २००६ पासूनची मुक्त लायब्ररी (प्रोग्रॅमना आयता वापरता येणारा कोड) बसवलेली असते. 'नवी आवृत्ती आली आहे' ही ओळखीची खिडकी बऱ्याचदा तिचीच. म्हणजे इथंही प्रत्येक ॲपच्या लेखकानं आठवणीनं सोय केली तरच.

आणि "कंपनीच्या साइटवरून घेतलं की सुरक्षित" हेही पूर्ण खरं नाही. मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशन या टॉरेंट ॲपच्या अधिकृत साइटवरच खंडणीखोर प्रोग्रॅम घातलेली प्रत ठेवली गेली. तिच्यावर ॲपलनं दिलेल्या खऱ्या डेव्हलपर प्रमाणपत्राची सहीसुद्धा होती, त्यामुळं गेटकीपरनं, म्हणजे ॲप उघडण्याआधी सही तपासणाऱ्या मॅकच्या पहारेकऱ्यानं, तिला अडवलं नाही. ॲपल आता बाहेरच्या ॲपची आधी स्वतःकडं तपासणी करून घ्यायला लावतं, ते अशाच प्रकारांमुळं. त्या तपासणीवर डेव्हलपर चिडतात, पण वापरणाऱ्याच्या बाजूनं पाहता मला ती योग्य वाटते.

"लिनक्सवर टर्मिनलशिवाय पान हलत नाही"

हे जुनं झालं. ग्नोम सॉफ्टवेअर किंवा केडीईचं डिस्कव्हर ही ॲपची दुकानं उघडा, नाव शोधा, 'इन्स्टॉल' दाबा. मार्गदर्शनाच्या लेखांत टर्मिनलच्या ओळी दिसतात, कारण एक ओळ नकलून देणं दहा खिडक्यांची चित्रं देण्यापेक्षा सोपं असतं.

लिनक्सची खरी ताकद मेसेज लिहिणाऱ्याला दिसलीच नाही. तिथं सिस्टिम, प्रोग्रॅम आणि त्यांना लागणाऱ्या लायब्ऱ्या एकाच यादीत असतात. डेबियन या लिनक्स वितरणाच्या (म्हणजे लिनक्सच्या तयार संचाच्या) १२ व्या आवृत्तीच्या यादीत ६४,४१९ पॅकेजेस, म्हणजे बसवण्याजोगे गठ्ठे, होती, सगळी सहीनिशी तपासली जाणारी. एप्रिल २०१४ मध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल लायब्ररीत 'हार्टब्लीड' हा भयंकर दोष उघड झाला, तेव्हा मोठ्या लिनक्स वितरणांनी एका-दोन दिवसांत एक पॅकेज दुरुस्त केलं आणि ते वापरणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमना नवी लायब्ररी मिळाली. ज्या प्रोग्रॅमनी ओपनएसएसएलची आपली स्वतंत्र प्रत पोटात ठेवली होती, त्या प्रत्येकाला वेगळी आवृत्ती काढावी लागली.

टीका करायची तर लिनक्सवर दुसऱ्या जागी करता येते. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत प्रोग्रॅम सुमारे दोन वर्षं त्याच आवृत्तीवर थांबतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, नव्या सोयी येत नाहीत. नवं हवं म्हणून लोक बाहेरच्या रिपॉझिटरी (पॅकेजेसचे साठे) जोडतात आणि मग दोन याद्यांची भांडणं सुरू होतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉप ओएस या लिनक्स वितरणावर स्टीम हे गेमचं ॲप बसवताना एका प्रसिद्ध यूट्यूबरचा अख्खा डेस्कटॉपच उडाला. पॅकेज मॅनेजरनं इशारा दिला होता, पण असा, की वाचणाऱ्याला तो नेहमीच्या मजकुरात मिसळून गेला. दोष त्या माणसाचा नव्हता. ॲप बसवताना सिस्टिमचा पाया उखडण्याची मुभाच असता कामा नये. नंतर एपीटीत, म्हणजे त्याच पॅकेज मॅनेजरमध्ये, तसा बदल झाला. फ्लॅटपॅक आणि स्नॅप या प्रोग्रॅम बसवण्याच्या नव्या पद्धती ही ओढाताण टाळतात, कारण त्यांचे प्रोग्रॅम सिस्टिमच्या यादीपासून अलग राहतात. बदल्यात प्रत्येकाच्या पोटात पुन्हा आपापल्या लायब्ऱ्या येतात, म्हणजे हार्टब्लीडच्या वेळी जो फायदा झाला तो काही अंशी गमावतो.

रिपॉझिटरीही अभेद्य नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हा प्रश्न पडला म्हणून. तो चोरदरवाजा चाचणीच्या आवृत्त्यांमध्ये पोचला होता; डेबियनच्या स्थिर आवृत्तीत नाही, कारण तिथं जुनंच एक्सझेड होतं. वर ज्या सावकाशपणाला मी नावं ठेवली, त्यानंच इथं वाचवलं.

या मेसेजला लिनक्सप्रेमी एक ठरावीक उत्तर देतात: "आम्हाला रीस्टार्ट लागत नाही." मी त्यांच्या बाजूचा असलो तरी हे तसंच सोडता येत नाही. विंडोजवर चालू असलेल्या प्रोग्रॅमची फाइल कुलूपबंद असते. ती बदलायची तर प्रोग्रॅम बंद करावा लागतो, किंवा बदल पुढच्या बूटच्या वेळेसाठी लिहून ठेवावा लागतो. लिनक्सवर जुन्या फाइलच्या नावावर नवी फाइल ठेवता येते. जुनी, ती वापरणारा प्रोग्रॅम संपेपर्यंत पडद्याआड जिवंत राहते. अपडेट बसतं, रीस्टार्ट होत नाही, पण चालू प्रोग्रॅम जुन्याच लायब्ररीवर चालत राहतो. हार्टब्लीडच्या वेळी नवं पॅकेज बसवून सर्व्हिस (मागं सतत चालणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट न करणारा माणूस तितकाच उघडा होता. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बदललं तर मशीन रीस्टार्ट करावंच लागतं. काही निवडक दुरुस्त्या चालू कर्नलला लावता येतात तेवढाच अपवाद. फेडोरा या वितरणातलं ग्नोम सॉफ्टवेअर तर मुद्दाम रीस्टार्टच्या वेळीच सिस्टिमची अपडेट बसवतं, अर्धं नवं अर्धं जुनं अशी अवस्था होऊ नये म्हणून. उलट विंडोज ११ च्या एंटरप्राइझ (कंपन्यांसाठीच्या) आवृत्तीत २०२५ पासून, वर्षातले काही महिने, रीस्टार्टशिवाय दुरुस्त्या लावण्याची सोय आली आहे.

"अपडेट बंद करा"

या ओळीसाठी बाकीचं सगळं लिहिलं. मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७ रोजी फाइल-शेअरिंगमधला एक दोष दुरुस्त केला. १२ मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम सुटला आणि त्याच दोषातून मशीनमागून मशीन घेत गेला. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती एकोणसाठ दिवस आधी आलेली होती. ज्यांनी ती बसवली होती, त्यांच्या मशीनमध्ये तो त्या वाटेनं शिरू शकला नाही.

अपडेटची भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० च्या मोठ्या अपडेटनं काही लोकांच्या फाइली पुसल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली. ते अपडेट मायक्रोसॉफ्टचं नव्हतं, पण निळा पडदा पाहणाऱ्याला त्यानं काय फरक पडतो.

पण या दोन्हींवरचा उपाय अपडेट बंद करणं नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि नव्या सोयींची मोठी अपडेट वेगळी ठेवा. पहिल्या लगेच घ्या, दुसऱ्या थोड्या थांबून, बॅकअप घेऊन. डेबियन आणि उबुंटूवर 'अनअटेंडेड अपग्रेड्स' हा प्रोग्रॅम फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसवू शकतो. मॅकच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा खटका मॅकओएसच्या अपडेटपासून वेगळा आहे. तो कधीही बंद करू नका. विंडोजच्या होम आवृत्तीतही २०१९ पासून अपडेट काही दिवस पुढं ढकलता येतात, सात-सात दिवस करत पस्तीस दिवसांपर्यंत. विनरारसारख्या आपणहून न बदलणाऱ्या प्रोग्रॅमसाठी आठवड्यातून एकदा विंगेट चालवा. आणि मशीनवर अजून विंडोज १० असेल, तर त्याच्या मोफत दुरुस्त्यांची सर्वसाधारण मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आहे. वाढीव मुदतीसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ती केली नसेल तर आधी ते बघा.