‘चारचौघांत लाज वाटू द्या’ या प्रतिक्रियेला उत्तर

लहान मुलं दिवसा चड्डी ओली करतात, त्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘चार वर्षांचं मूल दिवसाढवळ्या चड्डी ओली करतं आणि आई त्याला गोंजारत बसते, हे आजकालचं फॅड आहे. चारचौघांत एकदा लाज वाटू द्या, आपोआप सुटेल,’ असं तुम्ही लिहिलंत. शिवाय पाणी कमी पाजा, डायपरने सवयी बिघडतात आणि लेख फार लांबला, हेही आहेच. लेख लांबला, मान्य. डायपरचा इथे संबंध नाही.

पण ‘गोंजारत बसते’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मी लिहिलं होतं की न ओरडता कपडे बदला आणि फरशी पुसायला मुलालाही हाताशी घ्या. यात लाड कुठे आले? मत पटलं नाही तर तसं सांगा, पण अनोळखी बाईच्या आईपणाची अशी हजेरी घेणं मला आवडलेलं नाही. याच लेखावर इतरांनीही मतभेद कळवलेत. त्यांना असं बोलावं लागलं नाही.

आता ती लाज. चार वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण दीडशे मिलिलिटर लघवी मावते. वयात एक मिळवून तीसने गुणायचं, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब असतो. खेळात रमलेल्या मुलाला ते भरल्याचं उशिरा जाणवतं आणि मग मोरीपर्यंत पोचायला वेळ उरत नाही. यात हट्ट नाही, मुद्दामपणा तर नाहीच. पाच वर्षांखालच्या मुलाचं असं अधूनमधून होणं डॉक्टरही आजारात धरत नाहीत.

लाजवलेलं मूल लघवी वेळेवर करायला शिकत नाही, दाबून धरायला शिकतं. पायाला पाय आवळतं, टाचेवर दाबून बसतं. सारखं दाबून धरलं की मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, मागे राहिलेल्या लघवीत जंतुसंसर्ग व्हायची भीती वाढते. असं मूल शौचही रोखतं. मग साठलेला मळ मूत्राशयावर दाबतो आणि चड्डी आणखी ओली होते.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी मुलगी कोरडी राहायला लागून बरेच महिने झाले होते आणि मग पुन्हा सुरू झालं. घरातल्याच एका मोठ्या माणसाने पाहुण्यांसमोर तिची हसून थट्टा केली, आणि तेव्हापासून ती ओले कपडे कपाटामागे लपवू लागली. डॉक्टरांनी लघवीआधी शौचाची चौकशी केली, पोट चाचपलं. निघाला बद्धकोष्ठ. त्यावर औषध, बसताना पायाखाली पाट आणि दर दोन तासांनी ‘चल, जाऊन येऊ’. हळूहळू थांबलं. लपवणं मात्र त्यानंतरही कितीतरी दिवस चालू होतं. तुम्हाला मी हे सगळं सांगायला बांधील नव्हते.

‘आमची मुलं एका धमकीत सुधारली,’ असंही तुम्ही म्हणता. बहुतेक मुलं या वयात तशीही कोरडी राहायला लागतात. त्याचं श्रेय धमकीला कसं द्यायचं?

पाणी कमी करू नका. लघवी दाट होते, मूत्राशयाला टोचते, शौचही घट्ट होतं. इतर वाचकांसाठी पुन्हा लिहिते: लघवी करताना जळजळ, ताप, कपडे सतत थोडे ओलसर, किंवा खूप तहान, भरपूर लघवी आणि वजन घटणं यांतलं काही दिसलं, तर वयाकडे न बघता लगेच डॉक्टरांकडे जा. कोरडं राहणारं मूल पुन्हा भिजवू लागलं तरीही दाखवा, आणि पाच वर्षांनंतरही चालूच असेल तरी.

यावर तुम्हाला आणखी लिहायचं असेल तर जरूर लिहा. मात्र ‘चारचौघांत लाजवा’ हा सल्ला पुन्हा आला तर तो मी इथे ठेवणार नाही. इथे येणाऱ्या आया आधीच घाबरलेल्या असतात.