सात दिवसांचा ‘डोपामिन उपवास’ आणि आठवा दिवस

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. त्याचा गोषवारा असा: रील्स बघताना मेंदूत कोकेनइतकं डोपामिन (चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) सुटतं आणि साठा संपतो, माणसाचं लक्ष गोल्डफिशपेक्षाही कमी, म्हणजे ८ सेकंदांवर आलंय, सोशल मीडियामुळे नैराश्य येतं हे सिद्ध झालंय, उपाय एकच, ‘डोपामिन उपवास’, म्हणजे सात दिवस फोन बंद, मेंदू ‘रीसेट’. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘किमान दहा जणांना पाठवा’. काळजी खरी आहे, निदान मात्र चुकलंय. त्यामुळे औषधही चुकतं.

आधी डोपामिन. ते टाकीत भरून ठेवलेलं पाणी नाही. चेतापेशी ते सतत बनवत असतात. ते खरोखर घटतं ते पार्किन्सनच्या आजारात, आणि तिथे हालचाली मंदावतात, हात थरथरतात. रील्समुळे असं काही होत नाही. व्हिडिओ गेम खेळताना डोपामिन वाढतं हे लंडनच्या संशोधकांनी १९९८ मध्ये स्कॅनवर दाखवलं होतं, अवघ्या आठ जणांवर. पण कोकेन डोपामिन परत शोषून घेणारी यंत्रणाच अडवून धरतं. स्क्रोलिंगने तसं होत नाही, म्हणून ‘कोकेनइतकं’ हा शब्द निव्वळ घाबरवण्यासाठी.

मग अंगठा थांबत का नाही? कारण बक्षीस कधी मिळेल ते कळत नाही. दहा रील्स टुकार निघतात, अकरावी झकास. शिवाय पान संपतच नाही, त्यामुळे ‘आता पुरे’ म्हणायला जागाच उरत नाही. डोपामिनचं मोठं काम ‘इथे काहीतरी मिळेल, पुन्हा बघ’ हे शिकवण्याचं आहे. शिकलेली सवय उपाशी ठेवून मोडत नाही. तिला जागं करणारा इशारा काढला की सैल पडते. २०१९ मध्ये ‘डोपामिन फास्टिंग’ गाजवणारे कॅलिफोर्नियाचे मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन सेपा यांनीही तेच सांगितलं होतं: डोपामिन कमी करणं हा हेतूच नाही, ठरावीक सवयींना वेळ बांधून द्यायचा. फॉरवर्ड होता होता ते वाक्य गळलं.

गोल्डफिशचं प्रकरण दोन ओळींत आटोपतं. हा आकडा २०१५ च्या मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या एका अहवालातून पसरला. तिथेही तो दुसऱ्या संकेतस्थळावरून उचललेला, आणि मूळ संशोधन शोधणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही.

‘सिद्ध झालंय’ हा दावा मात्र नीट उकलायला हवा. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची माहिती तपासली. डिजिटल वापराने मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग स्पष्ट होत होता. हे वाचून ‘काहीच धोका नाही’ म्हणणारेही चुकतात, कारण त्यात टीव्ही, गेम, सोशल मीडिया सगळं एकत्र होतं, आणि सरासरीत त्रास होणारी मुलं झाकली जातात. उलट, २००४ नंतर फेसबुक अमेरिकेत एकेका कॉलेजात टप्प्याटप्प्याने सुरू झालं. ज्या कॉलेजात ते आधी पोहोचलं तिथल्या विद्यार्थ्यांची तुलना बाकीच्यांशी केली, तेव्हा मानसिक आरोग्य खालावल्याचं दिसलं. हा अभ्यास २०२२ चा. त्यातून निघणारं कारणही महत्त्वाचं: सतत दुसऱ्यांशी तुलना. म्हणजे सरासरी परिणाम लहान, काहींवर मोठा.

आता सात दिवस. अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीआधी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. मन थोडं सुधारलं, रोज सुमारे तासभर मोकळा झाला, बातम्यांची माहिती मात्र घटली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या १४३ विद्यार्थ्यांवरच्या २०१८ च्या प्रयोगात बंदी नव्हतीच: फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी रोज १० मिनिटं, तीन आठवडे. एकटेपणा आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. सात दिवसांचा उपवास फसतो तो आठव्या दिवशी, कारण फोन तोच, नोटिफिकेशन तीच आणि रात्री उशाशी चार्जरही तोच.

म्हणून सुरुवात उशापासून करा. चार्जर बैठकीच्या खोलीत न्या आणि साधं गजराचं घड्याळ आणा. ‘गजरासाठी फोन लागतो’ ही सबब तिथेच संपते. निळा प्रकाश कमी करणाऱ्या मोडवर भिस्त ठेवू नका. २०२१ मध्ये १६७ तरुणांवर केलेल्या अभ्यासात आयफोनच्या ‘नाइट शिफ्ट’ या अशाच मोडने झोपेत फरक पडला नाही. मन जागं ठेवतो तो समोरचा मजकूर, आणि घड्याळातले गेलेले दोन तास तर कुठल्याच फिल्टरने परत येत नाहीत.

मग सेटिंग्ज. अँड्रॉइडवर ‘डिजिटल वेलबीइंग’, आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’ उघडा आणि एकूण तासांआधी फोन दिवसातून किती वेळा उचलला ते बघा. माणसांनी पाठवलेली नोटिफिकेशन ठेवा, अ‍ॅपने स्वतःहून पाठवलेली बंद करा. आयफोनवरची वेळमर्यादा एका बोटाने टाळता येते, म्हणून तिचा पासकोड घरातल्या दुसऱ्या कुणाला ठेवायला सांगा. यूट्यूबचा पाहिल्याचा इतिहास बंद करून पुसला की होम पेज जवळजवळ रिकामं होतं. हवं ते शोधूनच बघावं लागतं. शाळा-सोसायटीचे ग्रुप सोडता येत नसतील तर म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका.

एकट्याने हे जड जातं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये ते गावपातळीवर केलं: संध्याकाळी ७ वाजता भोंगा, दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. सगळ्यांचाच बंद असल्याने काही हुकल्याची रुखरुख नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, ‘सोशल मीडिया व्यसन’ नाही. त्यामुळे किती तास झाले यापेक्षा झोप, जेवण, अभ्यास, माणसांत मिसळणं सुटतंय का ते बघा. हे दोन-तीन आठवडे टिकलं, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार डोकावले, तर उपवासाच्या मागे न लागता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत खास याच तक्रारींसाठी ‘शट क्लिनिक’ २०१४ पासून सुरू आहे.