देण्याघेण्यातलं

साडीच्या दुकानात जाऊन नुसतं "साड्या दाखवा" असं म्हणू नका. हसं होईल. गादीवरचा माणूस मान वर न करता विचारेल, "नेसायला, की देण्याघेण्यातल्या?" तुम्ही क्षणभर जरी गोंधळलात तरी तो ओळखेल की या बाईंच्या घरात हे पहिलंच कार्य आहे. नेसायच्या साडीला पोत लागतो, काठ लागतात, पदर लागतो. देण्याघेण्यातल्या साडीला खोका लागतो. ती नेसायची नसतेच, पुढे द्यायची असते. नेसली तर एका धुण्यात विटेल. न नेसता ठेवली तर सात-आठ घरं आरामात फिरेल.

यंदा तुमच्याकडे लग्न असेल तर हे आत्ताच शिकून घ्या. पत्रिका जुळते, हॉल मिळतो, केटररही शेवटी ऐकतो. लग्नं अडतात ती ब्लाउजपिसावर.

ब्लाउजपीस कापडात मोडत नाही, तो चलनात मोडतो. कोणी शिवत नाही, कोणाला नको असतो, आणि कमी पडला तर अब्रू जाते. माझ्या आईच्या लोखंडी कपाटात खालचा अख्खा कप्पा त्यांचा आहे. २००९ साली तिने कोणाच्या तरी बारशाला एक मोरपंखी पीस दिला होता. ओटी भरताना त्याच्या कोपऱ्याला हळदीचं बोट लागलं होतं, म्हणून लक्षात राहिला. २०१७ साली माझ्या नणंदेच्या चुलत जावेने माझी ओटी भरली, त्यात तोच. तेच बोट, तीच घडी. आठ वर्षांत तो किती घरं हिंडला असेल देव जाणे, पण कोणी उलगडूनसुद्धा पाहिला नव्हता. मी कपाळाला लावला आणि म्हटलं, "कित्ती छान रंग!" तुम्हीही असंच म्हणा.

यातला कायदा एकच: ज्यांच्याकडून आला त्यांच्याच घरी परत जायला नको. म्हणून जाणत्या बायका प्रत्येक घडीत चिठ्ठी घालतात, कोणाकडून, कुठल्या कार्यात. ही चिठ्ठी देण्यापूर्वी काढा. आमच्या एका मावशीची राहिली. विहीणबाईंनी घरी जाऊन खोका उघडला, तर आत मावशीच्या वळणदार अक्षरात: "साताऱ्याच्या वन्सं. जाडंभरडं. कोणालातरी देऊन टाकणे." त्या लग्नाला आता एकोणीस वर्षं झाली. मुलं दहावी झाली. विहीणबाई अजून मावशीच्या हातचा चहा घेत नाहीत.

घेतानाही शिस्त पाळा. पहिल्यांदा "कशाला उगाच?" म्हणायचं, दुसऱ्यांदा "अहो, राहू द्या हो", आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्याच फेरीत घेतलंत तर हावरट. चौथ्यांदा नको म्हणालात तर शिष्ट. मधली जागा अगदी अरुंद आहे, पण सरावाने जमते. लहान मुलं नेमकी पहिल्या फेरीत हात पुढे करतात, तेव्हा त्यांना घरी आणून जे समजावतात त्याला संस्कार म्हणतात.

पत्रिकेवर "आपली उपस्थिती हाच आहेर" हे छापाच. शोभतं. मात्र छापल्यावर स्टेजच्या डाव्या अंगाला एक विश्वासू काकू उभी करा, खांद्याला चेनवाली पिशवी देऊन. पाहुणेही शहाणे असतात, ते पत्रिका वाचून खिशात पाकीट ठेवतात, "असू दे, वेळेला." शंभरात एखादा भाबडा असतो जो छापलेलं खरं मानतो आणि दोन्ही हात जोडून येतो. त्याचं नाव काकूला पुढची वीस वर्षं पाठ असतं.

पाकिटावर रुपयाचं नाणं हवं. १०० दिले की व्यवहार पुरा झाला, १०१ दिले की संबंध चालू राहिले, असा हिशेब आहे. ते नाणं पुढच्या येण्याजाण्याचा इसार समजा. किती घालायचे हे मात्र मनाने ठरवू नका. वही काढा. त्यांनी २००४ साली आपल्याकडे १०१ दिले असतील, तर आज तेवढेच देणं म्हणजे भांडण उकरून काढणं. महागाई किती धरायची हे आमच्याकडे मोठ्या काकू ठरवतात आणि रिझर्व्ह बँकेपेक्षा त्यांचं धोरण स्थिर आहे: दहा वर्षांत दुप्पट, जेवायला किती माणसं नेणार ते वेगळं. खेड्यात ही डोकेफोड नाही. तिथे माइकवरच पुकारतात, अमुक पाव्हण्यांकडून अमुक रुपये, टॉवेल-टोपी. शहरातले लोक याला हसतात आणि घरी जाऊन दार लावून पाकिटं फोडतात. प्राप्तिकर खात्यालासुद्धा आहेराचा मान ठाऊक आहे. एरवी नात्याबाहेरच्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त भेट मिळाली तर ती करपात्र, लग्नात मिळालेली मात्र माफ.

भांडी देणार असाल तर नाव घालून द्या. भांड्याच्या दुकानातला तो माणूस टिर्रर्र करत ठिपक्याठिपक्यांनी कोरतो ना, "चि. सौ. कां. अमुक हिस सप्रेम भेट", ते प्रेमाने कोरलेलं असतं असा माझा लहानपणी समज होता. नंतर कळलं, तो बंदोबस्त आहे. नाव घातलेलं पातेलं पुढे सरकवता येत नाही. ब्लाउजपिसावर कोरता येत नाही, हीच त्याच्या यशाची किल्ली.

आता मानपान. याद्या करताना लक्षात ठेवा की रुसणं हा पुरुषांचा हक्क आणि कोण कधी कशावरून रुसलं होतं हे लक्षात ठेवणं बायकांचं काम. नवरदेवाच्या धाकट्या काकांना फेटा बांधायचा राहिला, तर ते काही बोलणार नाहीत. फक्त खुर्ची जरा लांब ओढून बसतील आणि "मला भूक नाही" म्हणतील. त्यांना जेवायला बसवायला तीन माणसं लागतात, त्यातला एक व्याही हवाच. आणि परत येताना गाडीत त्यांच्या बायकोला बोलणी बसतात, की तुझं लक्ष कुठे होतं.

हे सगळं बंद करता येणार नाही का, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या, बोलू नका. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि भटजींशिवाय लग्नं लावून दाखवली. भटजींना वगळता आलं, वहीला अजून कोणाला वगळता आलेलं नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये सरकारने करोनापायी आदेश काढला: लग्न एकाच हॉलमध्ये, दोन तासांत, २५ माणसांत, मोडलंत तर कुटुंबाला ५०,००० रुपये दंड. त्या आदेशाखाली माझ्या भाच्याचं लग्न लागलं. दोघं सुखात आहेत. पंचवीस म्हणजे दोन्हीकडचे धरून, त्यात काका बसेचनात, त्यामुळे कोणी कोणावर रुसलं नाही. इतकं सरळ पार पडलेलं लग्न घराण्याला मानवेना. बंधनं उठल्याबरोबर चारशे पानांचं रिसेप्शन केलं आणि राहिलेले सगळे रुसवे व्याजासकट वसूल झाले.

हुंड्याचं मात्र नाव काढू नका. ते असभ्य आहे, शिवाय १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, घेणाऱ्यालाही आणि देणाऱ्यालाही. किमान ५ वर्षं कैद, आणि दंड किमान १५,००० रुपये किंवा हुंड्याच्या किमतीइतका, जो जास्त असेल तो. म्हणून चांगल्या घरांत म्हणतात, "आम्हाला फक्त मुलगी आणि नारळ द्या." हे ऐकून नारळ आणायला धावू नका. पुढचं वाक्य यायचं असतं: "बाकी तुमची हौस." हौस हा वधूपित्याला बैठकीत अचानक होणारा आजार आहे. तो तोळ्यात मोजतात, कधी चाकांत, कधी हॉलच्या भाड्यात. लक्षणं दिसेनात, तर समोरून औषध येतं: "आमचं काही म्हणणं नाही हो. थोरलीच्या माहेरच्यांनी कौतुकाने गाडी दिली होती, सहज आठवलं."

कायद्याने भेटींना जागा ठेवली आहे. मागणी नसावी, आणि वधूपक्षाकडून येणारी भेट रीतीतली, ऐपतीच्या मानाने फार नसलेली असावी. आणखी एक अट, यादी करायची. २ ऑक्टोबर १९८५ पासून त्याचे नियम आहेत: वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराची वराने, लग्नात किंवा नंतर शक्य तितक्या लवकर. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर नातं, खाली दोघांच्या सह्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, नियम लिहिणाऱ्याने आमच्या काकूंची वही पाहिली असणार. सगळे रकाने तेच! फक्त सह्या तेवढ्या नाहीत.

म्हणून माझ्या लग्नाची वही मुद्दाम काढून पाहिली. १९९७, लाल कापडी पाठ, बाबांचं अक्षर. पोस्टमनकाका, ११ रुपये. शेजारचे जोशी, स्टीलची कळशी, नाव घातलेली. आत्याबाई, लेमन सेट, "एक ग्लास तडकलेला" अशी नोंदसुद्धा. एका ओळीत नुसतं "नारळ १, नाव सांगितले नाही." त्या नारळाचा माणूस बाबा पुढे वर्षभर शोधत होते, परत द्यायला.

"बाबा, स्कूटर कुठे लिहिलीय?"

"ती आहेरात नव्हती."

"मग कशात होती?"

मागितली तर कोणीच नव्हती. सासरे एकदा आमच्या अंगणात उभं राहून म्हणाले होते, "ऑफिस जरा लांब पडतं त्याला." एवढंच.

बाबा चष्मा पुसत बसले. आई म्हणाली, "चहा टाकते. तुला साखर अजून कमीच ना?"

मी उरलेली पानं चाळली. अगदी शेवटच्या पानावर पेन्सिलीने एकाखाली एक महिन्यांची नावं होती, जून, जुलै, ऑगस्ट, वर लहान अक्षरात "पतसंस्था". प्रत्येक महिन्यापुढे बरोबरची खूण. मोजल्या. छत्तीस.